गेमसाठी नवा टॅब घेताना तिसाव्या मिनिटाचा हिशेब

दुकानात हातात घेतलेला कुठलाही नवा टॅब पहिली पाच मिनिटं सुरेखच चालतो. गेम झटकन उघडतो, पात्र वळवलं की दृश्य सरकन वळतं. जुन्या टॅबवर महिनोन्‌महिने अडखळत खेळलेल्या माणसाला तेवढंच बघून भरून येतं. खरी परीक्षा अर्ध्या तासानंतर असते. बहुतेक टॅबमध्ये पंखा नसतो, त्यामुळे चिपची उष्णता मागच्या पत्र्यातून आणि पुढच्या काचेतूनच बाहेर पडावी लागते. अंग तापत गेलं की टॅब स्वतःच चिपचा वेग उतरवतो, आणि सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, देणारा गेम ४० वर, कधी ३० वर येतो. जाहिरातीतला आकडा पहिल्या मिनिटाचा असतो. म्हणून पुढची सगळी निवड तिसाव्या मिनिटाला काय उरतं, या एका कसोटीवर केली आहे.

आधी जुन्या टॅबचं दुखणं ओळखा

नवा घ्यायचाच आहे असं ठरवण्याआधी एक संध्याकाळ जुन्या टॅबला द्या. कारण त्याचं दुखणं कळलं तरच नव्यात काय हवं ते कळतं. काही वेळा तर टॅब बदलायची गरजच नसते.

पहिलं म्हणजे स्टोरेज. ते ९० टक्क्यांच्या वर भरलं असेल तर टॅब मंद होणारच. फ्लॅश मेमरीला नवीन लिहिण्यासाठी रिकामे कप्पे लागतात आणि ते संपत आले की प्रत्येक नोंदीआधी जुनं आवरावं लागतं. नको ते गेम आणि व्हिडिओ काढून किमान १५ ते २० टक्के जागा मोकळी करा, टॅब बंद करून चालू करा आणि मग गेम लावून बघा.

दुसरी बॅटरी. २० ते ३० टक्के चार्ज दिसत असताना भर गेममध्ये टॅब बंद पडतो, पण चार्जरला लावला की तोच गेम नीट चालतो, असं होत असेल तर दोष बॅटरीचा आहे. जुन्या सेलचा आतला रोध वाढतो आणि गेमने एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. चिप अजून कामाची असेल तर बॅटरी बदलून वर्ष-दोन वर्षं सहज निघतात. मात्र काच एका कडेने वर आलेली दिसली, मागचा भाग फुगीर लागला किंवा टेबलावर ठेवल्यावर टॅब डुगडुगला, तर बॅटरी फुगली आहे. तो टॅब त्याच क्षणी वापरातून काढा. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. दुरुस्ती केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

तिसरं नेटवर्क. याची खूण नीट ध्यानात ठेवा. इतर खेळाडू उड्या मारत एका जागेवरून दुसरीकडे दिसतात, गोळी लागूनही समोरचा पडत नाही, पण तुमचा कॅमेरा मात्र अगदी सफाईने वळतो, तर अडचण नेटवर्कची, बहुधा वायफायची आहे. तिथे नवा टॅब घेऊन काही बदलणार नाही. राउटरच्या ५ गीगाहर्ट्‌झ पट्ट्यावर या. कॅमेरा वळवतानाच चित्र अडखळत असेल, तर मात्र दोष टॅबचा.

शेवटची तपासणी चिपची. टॅब पूर्ण थंड असताना, ग्राफिक्स सगळ्यात खाली ठेवून पहिल्या पाच मिनिटांतच गेम अडखळतो का? अडखळत असेल तर चिपचे दिवस भरले. सुरुवातीला बरा चालून पंधरा-वीस मिनिटांनी बिघडत असेल, तर चिप ठीक पण उष्णता आवरत नाही. अशा माणसाने नव्या टॅबमध्ये सर्वांत जास्त लक्ष थंड राहण्याकडे द्यायचं.

पुढच्या दोन वर्षांत खेळायचे पाच गेम कागदावर लिहा

ही पायरी जवळजवळ प्रत्येक जण वगळतो आणि मग नको त्या गोष्टीवर पैसे घालतो. पाच नावं लिहा आणि प्रत्येकापुढे तो कशाच्या जिवावर चालतो ते मांडा.

कोडी, पत्ते, बुद्धिबळ, लुडो या खेळांना मधल्या दर्जाचा कुठलाही नवा टॅब पुरतो. तिथे चिपवर खर्च न करता चांगला पडदा घ्या. नेमबाजीच्या स्पर्धात्मक खेळांना स्थिर फ्रेम, स्पर्शाला लगेच मिळणारा प्रतिसाद आणि जायरोस्कोप (टॅब कसा वळला-झुकला ते मोजणारा सेन्सर) लागतो. गेन्शिन इम्पॅक्टसारखे खुल्या जगाचे गेम चिपला सर्वांत जास्त तापवतात आणि स्टोरेजही सर्वांत जास्त खातात. आयपॅडवर आलेले कन्सोलचे (टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्राचे) मोठे गेम, उदाहरणार्थ रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज, अॅपलच्या ए१७ प्रो किंवा एम१ आणि त्यापुढच्याच चिपवर चालतात. स्वस्तातला आयपॅड घेऊन ते चालतील अशी आशा धरू नका.

जुन्या कन्सोलचे गेम इम्युलेटरवर, म्हणजे त्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या अॅपवर, खेळायचे असतील तर गणित वेगळं. अॅन्ड्रॉइडवर अॅड्रिनो ग्राफिक्सची, म्हणजे स्नॅपड्रॅगनची चिप घ्यावी, कारण टर्निप नावाचा मुक्त ड्रायव्हर (ग्राफिक्सचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) तिच्यासाठी आहे आणि अनेक इम्युलेटर तो थेट वापरू देतात. इतर अनेक चिपमधल्या माली ग्राफिक्सला ही सोय नाही. अॅपलने एप्रिल २०२४ पासून आपल्या स्टोअरवर रेट्रो इम्युलेटरना परवानगी दिली, पण धावता धावता कोड भाषांतरित करण्यावर तिथे बंधन आहे. त्यामुळे अलीकडच्या कन्सोलचे इम्युलेटर आयपॅडवर रखडतात.

आणि सगळं क्लाउडवरूनच खेळणार असाल तर गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्याकडे फक्त व्हिडिओ येतो. तिथे चिप दुय्यम. वायफाय आणि पडदा चांगला असला की झालं.

यादीत एखादा लाडका जुना गेम असेल, तर एक खोच आहे. अॅपलने २०१७ साली आयओएस ११ पासून ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीची, अॅप बंद केली. अॅन्ड्रॉइडवर स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ सारख्या नव्या चिप फक्त ६४-बिटच समजतात. शिवाय अॅन्ड्रॉइड १४ पासून फारच जुन्या आवृत्तीसाठी बनवलेली अॅप नेहमीच्या मार्गाने बसवताच येत नाहीत. वर्षानुवर्षं अपडेट न झालेला तो एक गेम जुन्या टॅबवरच उरेल, हे आधी समजून घ्या.

चिप: नाव नीट वाचा

चिपच्या नावांत नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असा प्रकार फार. स्नॅपड्रॅगन ७एस जेन २ आणि ७+ जेन ३ ही नावं शेजारी ठेवली तर भावंडं वाटतात. प्रत्यक्षात पहिलीत अॅड्रिनो ७१०, दुसरीत अॅड्रिनो ७३२, आणि गेममध्ये दोघींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. 'एस' आणि 'प्लस' ही एवढीशी चिन्हं टॅबचा दर्जा ठरवतात, म्हणून खोक्यावरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. खोक्यावर नुसतं 'ऑक्टाकोर प्रोसेसर' लिहिलं असेल आणि चिपचं नावच नसेल, तर तो टॅब गेमसाठी घेऊ नये.

साधारण पायऱ्या अशा धरता येतील. २०२१ ची स्नॅपड्रॅगन ८७० ही चिप आजही मध्यम ग्राफिक्सवर जड गेम ओढते. जड गेम खेळायचे असतील तर हिच्या खाली उतरू नये. त्याच्या वरच्या पायरीवर ७+ जेन ३ आणि ८एस जेन ३. किंमत आणि कुवत यांचा मेळ इथेच सर्वांत चांगला बसतो. सर्वांत वर ८ जेन २, ८ जेन ३, ८ एलिट, आणि मीडियाटेकच्या डायमेन्सिटी ९३०० प्लस, ९४०० प्लस. अॅपलकडे साध्या आयपॅडमध्ये ए१६, मिनीमध्ये ए१७ प्रो आणि एअर-प्रोमध्ये एम मालिकेच्या चिप आहेत. एकाच वेळी बाजारात असलेली दोन वर्षं जुनी वरच्या दर्जाची चिप आणि आजची मधल्या दर्जाची चिप, यांत गेमसाठी बहुतेकदा जुनी वरची सरस ठरते, कारण तिचा ग्राफिक्सचा भाग मोठा असतो.

आता चाचणीचे आकडे कसे वाचायचे ते. पुष्कळ जण एकच एकूण गुण बघतात, आणि तो पहिल्या दोन-तीन मिनिटांत निघालेला असतो. तुम्ही थ्रीडीमार्क या चाचणी-अॅपची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट शोधा. तीत एकच दृश्य लागोपाठ २० वेळा, साधारण २० मिनिटं चालतं, आणि शेवटी सर्वांत चांगल्या फेरीचे गुण, सर्वांत वाईट फेरीचे गुण आणि स्थिरतेची टक्केवारी मिळते. नुसत्या टक्केवारीला भुलू नका. समजा एका टॅबचे चांगल्या फेरीचे गुण ५००० आणि स्थिरता ७० टक्के; दुसऱ्याचे गुण २००० आणि स्थिरता ९९ टक्के. दुसरा स्थिर आहे खरा, पण पहिला सर्वांत तापलेल्या अवस्थेतही ३५०० वर आहे. तुलना नेहमी वाईट फेरीच्या गुणांची करायची. तिसाव्या मिनिटाच्या सर्वांत जवळ जाणारा आकडा तोच.

उष्णतेचं काय

एकच चिप दोन टॅबमध्ये वेगळी वागते. मोठ्या धातूच्या अंगात उष्णता पसरायला जागा मिळते, छोट्या किंवा प्लॅस्टिकच्या अंगात ती चिपभोवतीच साठते. ८ इंची टॅबमध्ये वरच्या दर्जाची चिप घातली की हा ताण सर्वांत जास्त दिसतो. रेडमॅजिक नोव्हासारख्या मोजक्या गेमिंग टॅबमध्ये आत खरोखरचा पंखा असतो. तास-तास जड गेम खेळणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, मात्र आवाज आणि आत जाणारी धूळ सोसावी लागते.

आयपॅड वापरण्यासाठी अॅपलने सांगितलेलं भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. फार तापला की टॅब पडद्याचा उजेड आणि चिपचा वेग कमी करू शकतो. भर खेळात पडदा अचानक अंधारला तर तो बिघाड समजू नका, टॅब स्वतःला वाचवतो आहे.

जाड रबरी किंवा चामड्याचं कव्हर म्हणजे तापलेल्या टॅबला घातलेली रजई. जड गेमच्या वेळी ते काढून ठेवा आणि टॅब गादीवर, उशीवर टेकवू नका. मागे चिकटवायचा बर्फाळ कूलर उपयोगी पडतो, पण दमट हवेत त्याच्या थंड पट्टीवर पाण्याचे थेंब धरतात. ते पोर्टमध्ये गेले की नवंच दुखणं.

चार्जिंग करत खेळणं हा तापण्याचा सर्वांत मोठा मार्ग, कारण चिप आणि बॅटरी दोन्ही एकाच वेळी तापतात. यावर उपाय म्हणजे बायपास चार्जिंग: चार्जरची वीज बॅटरीत न जाता थेट टॅब चालवते. सॅमसंगच्या काही वरच्या टॅबमध्ये गेम बूस्टरच्या आत 'पॉज यूएसबी पॉवर डिलिव्हरी' या नावाने ती सोय मिळते. गेमिंग टॅबमध्येही ती बहुधा असते. वायर लावूनच खेळायची सवय असेल तर ही सोय असलेलाच टॅब घ्या. बॅटरीचं आयुष्य यातून सरळ वाढतं.

रॅम आणि स्टोरेज

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. अॅन्ड्रॉइडवर ८ जीबी रॅम पुरते, १२ असली तर मागे चॅट आणि ब्राउझर उघडे राहतात. ४ जीबीचा टॅब जड गेमसाठी घेऊच नका. 'व्हर्च्युअल रॅम'चा आकडा मिळवून '१६ जीबी' लिहिलेलं असेल तर तो पोकळ वासा आहे. तो स्टोरेजचाच तुकडा असतो, खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद, आणि गेमला त्याचा उपयोग होत नाही.

स्टोरेजचा प्रकार मात्र जरूर विचारा. ईएमएमसी ५.१ या जुन्या प्रकाराची वेगमर्यादा सेकंदाला सुमारे ४०० एमबी आणि ती एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते. यूएफएस ३.१ या नव्या प्रकाराची मर्यादा २९०० एमबी आणि वाचणं-लिहिणं एकाच वेळी चालतं. खुल्या जगात घोडा दौडवताना पुढचा डोंगर ऐन वेळी उगवतो किंवा दार उघडताना क्षणभर चित्र थिजतं, त्यात बऱ्याचदा मंद स्टोरेजचा हात असतो. म्हणून ईएमएमसी टाळा. यूएफएस २.२ चालेल, ३.१ किंवा ४.० उत्तम.

क्षमता २५६ जीबी घ्या. मोठे गेम प्रत्येकी २० ते ३० जीबी घेतात आणि अपडेट उतरवताना तात्पुरती आणखी जागा मागतात. मेमरी कार्डच्या भरवशावर १२८ घेऊ नका. अनेक गेम कार्डवर हलतच नाहीत, आणि कार्डचा नेहमीचा यूएचएस-१ मार्ग सेकंदाला १०४ एमबीवरच अडतो. कार्ड चित्रपट आणि फोटोंसाठी ठेवा. आयपॅडमध्ये तर कार्डाची खाचच नसते, तिथे पहिल्या दिवशी घेतलेली जागा हीच शेवटपर्यंतची.

पडदा आणि आकार: अंगठे काय म्हणतात

टॅब हातात धरून दोन अंगठ्यांनी खेळता, की स्टँडवर ठेवून कंट्रोलरने? आकाराचा निकाल या एका प्रश्नावर लागतो. हातात धरून खेळणाऱ्याला ८ ते ९ इंच योग्य. आयपॅड मिनी ८.३ इंच आणि २९३ ग्रॅम. लेनोवो लीजन टॅबची तिसरी पिढी ८.८ इंच, सुमारे ३५० ग्रॅम, पडदा सेकंदाला १६५ वेळा बदलणारा, म्हणजे १६५ हर्ट्‌झ, स्नॅपड्रॅगन ८ जेन ३. ११ इंचाला वजन ५०० ग्रॅमच्या आसपास जातं: गॅलॅक्सी टॅब एस९ साधारण ४९८, साधा आयपॅड ४७७. वनप्लस पॅड २ हा १२.१ इंचाचा, ५८४ ग्रॅम. २०० ग्रॅमचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण चाळीस मिनिटांनी करंगळी आणि मनगट तो बरोबर मोजतात. घरी करून बघा: जेवढ्या वजनाचा टॅब घ्यायचा तेवढ्याच वजनाचं पुस्तक दोन्ही हातांत आडवं धरून वीस मिनिटं बसा, आणि अंगठे मध्यापर्यंत पोचतात का तेही बघा. चार बोटांनी खेळणारे मात्र टॅब टेबलावर टेकवतात, त्यांना ११ इंच सोयीचा.

पडद्याच्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तराचाही परिणाम होतो. आयपॅडचा पडदा चौकोनाकडे झुकणारा, त्यामुळे पब्जी मोबाइलसारख्या खेळात वर-खाली जास्त दृश्य दिसतं. खेळाडूंच्या तोंडी असलेला 'आयपॅड व्ह्यू' तो हाच. शाओमी पॅड ७ चं ३:२ आणि वनप्लस पॅड २ चं ७:५ त्याच्या जवळ जातं. १६:१० चा पडदा लांबट, गाड्यांच्या शर्यतीला आणि चित्रपटाला छान.

आता हर्ट्‌झ. ६० हर्ट्‌झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद थांबतं, १२० वर ८.३. फरक डोळ्यांना कळतो, पण गेमने तेवढ्या फ्रेम दिल्या तरच. अनेक गेम ठरावीक मॉडेलवरच ९० किंवा १२० फ्रेमचा पर्याय उघडतात. तीच चिप, तोच पडदा असूनही तुमच्या टॅबचं नाव यादीत नसेल तर पर्याय दिसणारच नाही. म्हणून 'पडदा १४४ हर्ट्‌झ आहे' यावर न थांबता, नेमक्या त्याच मॉडेलवर तुमचा गेम चालवलेला व्हिडिओ शोधा आणि त्यात गेमच्या सेटिंग्जचं पान बघा. आयपॅडमध्ये १२० हर्ट्‌झ फक्त प्रोमध्ये मिळतं. साधा, मिनी आणि एअर हे तिन्ही ६० वरच आहेत. केवळ स्पर्धात्मक नेमबाजीसाठी टॅब घेणाऱ्याने हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

पिक्सेल जास्त म्हणजे चांगलंच, हा समज सोडा. १९२०×१२०० मध्ये २३ लाख पिक्सेल, २५६०×१६०० मध्ये ४१ लाख, म्हणजे पावणेदोन पटींहून जास्त काम. मधल्या दर्जाच्या चिपला ते झेपत नाही. मग गेम आतल्या आत कमी पिक्सेलवर चित्र काढतो आणि ते ताणून दाखवतो. कमकुवत चिपवर दाट पडदा धूसरच दिसतो.

ओएलईडी प्रकारच्या पडद्याचा काळा रंग आणि वेग सुंदर, पण नकाशा, रक्तपट्टी, बटणं रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली तर त्यांचा ठसा पडद्यावर उमटण्याची शक्यता असते. उजेड मध्यम ठेवला आणि बटणं फिकी करण्याची सोय गेममध्ये वापरली तर धोका बराच कमी होतो.

खोक्यावर न दिसणाऱ्या गोष्टी

जायरोस्कोप. स्वस्त टॅबमध्ये तो बहुधा वगळतात, नुसता अॅक्सेलरोमीटर (टॅब उभा की आडवा ते ओळखणारा सेन्सर) देतात. टॅब आडवा केला की चित्र फिरतं, म्हणून जायरो आहे असं मानू नका, ते काम अॅक्सेलरोमीटर करतो. जायरोशिवाय टॅब झुकवून नेम धरताच येत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या सेन्सरच्या यादीत 'जायरो' हा शब्द प्रत्यक्ष दिसला पाहिजे.

आवाज. साध्या ब्लूटूथ इअरफोनला आवाज पोचायला १५० ते २५० मिलिसेकंद लागू शकतात. ६० फ्रेमच्या गेममध्ये २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम. पावलांचा आवाज कानी येईतो शत्रू दारात उभा. वायरचा हेडफोन घ्या. ३.५ मिमीचं छिद्र आता बहुतेक चांगल्या टॅबमध्ये नाही, म्हणून यूएसबी-सीचा जोडतुकडा लागेल, आणि तो आत डॅक चिप (आकड्यांतला आवाज हेडफोनच्या संकेतात बदलणारी) असलेलाच हवा. पण एकच पोर्ट असेल तर एका वेळी चार्जिंग तरी नाही तर हेडफोन तरी. लीजन टॅबमध्ये दोन पोर्ट आहेत, त्यांतला एक लांब कडेला, म्हणजे आडवा धरल्यावर वायर तळव्यात टोचत नाही. अशी सोय गेम खेळणाऱ्या माणसाने विचार करून केलेली असते.

फोनला दोन्ही बाजूंनी कवटाळणारे कंट्रोलर ८ इंचांच्या वर सहसा बसत नाहीत. मोठ्या टॅबला ब्लूटूथ कंट्रोलर आणि स्टँड, हीच जोडी.

बॅटरीचं साधं गणित

एमएएच सोडा, वॉट-तास बघा. एमएएचवरून काढायचे असतील तर १००० ने भागून ३.८५ ने (बॅटरीच्या सरासरी व्होल्टेजने) गुणा. ८००० एमएएच म्हणजे साधारण ३०.८ वॉट-तास. जड गेममध्ये टॅब ७ वॉट खातो असं धरलं तर ३०.८ भागिले ७, म्हणजे सुमारे चार तास चोवीस मिनिटं. आयपॅड मिनीची बॅटरी १९.३ वॉट-तासांची, म्हणजे त्याच हिशेबाने पावणेतीन तास. छोटा टॅब घेणाऱ्याने हे मनाशी धरूनच घ्यावा. चार्जरही तपासा. १० वॉटच्या चार्जरवर ७ वॉट गेमच खाईल, बॅटरीच्या वाट्याला फार थोडं येईल.

आयपॅडची बॅटरी योग्य परिस्थितीत १००० पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशी बनवल्याचं अॅपल सांगतं. नव्या टॅबमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर पहिल्याच दिवशी चालू करा.

अपडेट आणि बाहेरून आणलेले टॅब

सॅमसंगने टॅब एस९ ला चार आणि टॅब एस१० मालिकेला सात अॅन्ड्रॉइड आवृत्त्यांची ग्वाही दिली आहे. अॅपल वर्षांचा आकडा सांगत नाही, पण आयपॅड अपडेटच्या बाबतीत नेहमीच लांब पल्ल्याचे ठरले आहेत. चिप भक्कम असूनही अपडेट दोनच वर्षं असतील, तर टॅब धडधाकट असतानाच एखादा गेम 'हे उपकरण चालणार नाही' म्हणायला लागतो.

काही गेमिंग टॅब फक्त चीनच्या बाजारासाठी बनतात आणि बाहेरून मागवले की स्वस्त पडतात. त्यांत गूगल प्ले आधीपासून नसू शकतं, सूचना उशिरा येतात, आणि वॉरंटी तुमच्या देशात चालत नाही. जागतिक आवृत्ती मिळत असेल तर थोडे जास्त देऊन तीच घ्या.

आणल्यावर पहिल्याच आठवड्यात

परतीची मुदत संपायच्या आत ही चाचणी करा. आधी सगळे अपडेट आणि गेमचा डेटा उतरवून घ्या आणि टॅब एक तास थंड होऊ द्या. बॅटरी ८० टक्के, चार्जर काढलेला, कव्हर काढलेलं, उजेड सुमारे ७० टक्के. टॅबच्या गेम मोडमधला फ्रेम दाखवणारा आकडा चालू करा. यादीतला सर्वांत जड गेम, रोज ज्या सेटिंगवर खेळणार त्याच सेटिंगवर, सलग ३० मिनिटं खेळा. पाचव्या आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला, गेममधल्या एकाच जागी उभं राहून फ्रेम लिहून घ्या. ६० चे ५२-५५ झाले तर टॅब चांगला. ४० च्या खाली गेले तर ग्राफिक्स एक पायरी उतरवून, टॅब पुन्हा थंड करून दुसऱ्यांदा बघा. तरीही कोसळले तर परत करा. ३० मिनिटांत बॅटरी किती उतरली तेही टिपा: १२ टक्के उतरली तर पूर्ण चार्जवर चार तास, २० टक्के उतरली तर अडीच.

त्याच दिवशी कोरं पांढरं आणि कोरं काळं चित्र लावून मेलेले पिक्सेल शोधा. कडांना बोट घासत नेऊन स्पर्श कुठे तुटतो का बघा.

खाती हलवताना घाई नको

जुना टॅब नवा आल्यावरही निदान दोन आठवडे जवळ ठेवा. प्रत्येक गेम जुन्यावर उघडून सेटिंग्जमधलं खात्याचं पान बघा. 'गेस्ट' असं लिहिलेलं असेल तर तुमची सगळी प्रगती फक्त त्या टॅबमध्येच आहे. ती ईमेल, गूगल किंवा अॅपल खात्याला जोडा आणि खेळाडू क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या, हरवलं तर मदत केंद्र तोच मागतं.

अॅन्ड्रॉइडवरून आयपॅडवर जात असाल तर नुसतं गूगल प्ले गेम्स पुरणार नाही. गेम बनवणाऱ्या कंपनीचं स्वतंत्र खातं असेल तर त्याला जोडा. विकत घेतलेली नाणी काही गेममध्ये एका प्रणालीवरून दुसरीकडे येत नाहीत, ती आधीच वापरून टाका. पैसे देऊन घेतलेलं अॅप दुसऱ्या स्टोअरवर पुन्हा विकत घ्यावं लागतं. दोन टप्प्यांच्या लॉगिनचं कोड देणारं अॅप जुन्या टॅबवर असेल, तर ते सर्वांत आधी हलवा.

नव्यावर प्रत्येक गेम उघडून आपली पातळी दिसली, की मगच जुना पुसायचा. अॅन्ड्रॉइडवर आधी गूगल खातं काढा, मग सेटिंग्जमधून फॅक्टरी रीसेट करा. खातं न काढता बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट केला तर पुढच्या माणसाला तुमचंच खातं विचारलं जातं आणि टॅब अडकून पडतो. आयपॅडवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर जाऊन साइन आउट करा, म्हणजे हरवलेला आयपॅड शोधणाऱ्या 'फाइंड माय'चं कुलूपही निघतं. मग 'जनरल' मधून सगळी सामग्री पुसा. मेमरी कार्ड काढून घ्यायला विसरू नका, फॅक्टरी रीसेटमध्ये ते सहसा पुसलं जात नाही.